नथिंग पर्सनल

मगदूम आण्णांनी पहिला पीस माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटं झटकली. तेवढ्यावरून मला कळलं की माल तापलेला आहे.

एप्रिलची तीस तारीख होती, दुपारचे सव्वातीन. त्यांचा टेम्पो एक वाजल्यापासून कंपनीच्या गेटबाहेर उन्हात उभा होता, कारण चलनावर एक शिक्का कमी पडला होता आणि शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. शेवटी टेम्पो आत आला आणि शहाण्णव पीस ट्रॉलीवरून माझ्या इन्स्पेक्शनच्या खोलीत येऊन पडले. ॲल्युमिनियमची हाउसिंग होती ती, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं. प्रत्येकात मधोमध एक भोक, आणि त्या भोकात पुढे बेअरिंग बसायचं. भोक मापात आहे की नाही हे सांगायचं काम माझं. मी हो म्हटलं तर माल आत, नाही म्हटलं तर बाहेर.

"मॅडम, दोन तास उन्हात हुता माल," मगदूम म्हणाले. "जरा मुरू द्या. मग लावा गेज."

मुरू द्यायचं म्हणजे थंड होऊ द्यायचं. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं आणि त्यातलं भोकही मोठं होतं. केसाच्या निम्म्या जाडीइतकंच, पण आमची मापं त्याहून बारीक. म्हणून आलेला माल आधी खोलीत ठेवायचा, आणि खोलीइतका गार झाला की मगच गेज लावून माप बघायचं. त्या खोलीला एसी होता तो त्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. भिंतीवर पाटी होती: 'पीस चार तास खोलीत मुरल्याशिवाय गेज लावू नये.' खाली तारीख आणि सही. पाटीवरचं अक्षर माझं होतं आणि सहीही माझीच.

मी पाटीकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं.

मगदूमांचे त्या वर्षात दोन लॉट मी परत केले होते. दोन्ही खरोखर वाईट होते, त्यांनीही ते कबूल केलं होतं. तिसरा लॉट परत गेला की पार्टीचं नाव यादीतून उडतं, असा कंपनीचा कायदा. आणि पुढच्या वर्षभराचं काम कुणाला द्यायचं ती यादी त्याच दिवशी पाच वाजता परचुरे साहेबांच्या सहीला जाणार होती. मगदूमांच्या शेडमध्ये चार लेथ होते आणि अकरा माणसं. चारही लेथवर आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

तसं यात अवघड काही नव्हतं. माझ्या मागच्या फळीवर रंगाचे दोन डबे होते, एक पिवळा आणि एक लाल. पिवळी रेघ म्हणजे माल थांबवलाय, निकाल माल मुरल्यावर. पिवळी रेघ मारली की नाव यादीत राहतं. लाल रेघ म्हणजे संपलं.

"बघू," मी म्हणाले.

आता परचुरे साहेबांबद्दल सांगायला हवं, कारण ते दोन शब्द आमच्या कंपनीत आणले त्यांनी. पुण्याहून मॅनेजर म्हणून बदलून आलेले, गोरेपान, हळू बोलणारे. माणसाला नाही म्हणायचं असलं की ते आधी हसायचे, मग नाही म्हणायचे, आणि मग म्हणायचे, "नथिंग पर्सनल." कुणाची रजा नाकारली, नथिंग पर्सनल. कुणाचा ओव्हरटाइम कापला, नथिंग पर्सनल. सिनियर इन्स्पेक्टरची जागा निघाली तेव्हा नऊ वर्षं गेज धरणाऱ्या मला सोडून त्यांनी कालच्या पोराला ती दिली, आणि मला केबिनमध्ये बोलावून, खुर्चीवर बसवून म्हणाले, "नथिंग पर्सनल, मिसेस चौगुले." मी थँक्यू सर म्हणून बाहेर आले. थप्पड खाल्ल्यावर थँक्यू म्हणायला लावणारे शब्द मी तोवर ऐकले नव्हते.

पुढे ते लोण सगळ्या कंपनीत पसरलं. कँटीनवाला वडे संपले की म्हणायचा, नथिंग पर्सनल. गेटवरचा वॉचमन उशिरा आलेल्याचं कार्ड काढून घेताना म्हणायचा. प्लेटिंग खात्यातल्या एकाने ठरलेलं लग्न मोडलं आणि मुलीच्या बापाला, जो आमच्याच स्टोअरमध्ये होता, तेच दोन शब्द ऐकवले. इंग्रजी न येणाऱ्यांनाही ते येऊ लागले. मराठीत माणसाचा अपमान करायचा तर निदान आवाज चढवावा लागतो, डोळ्याला डोळा द्यावा लागतो. हे शब्द म्हटले की त्यातलं काहीच लागत नाही. मलाही ते आवडायला लागले होते, हे मी लपवणार नाही. लॉट परत करताना मीही म्हणायचे. पण शपथेवर सांगते, तोवर मी म्हटले तेव्हा ते खरे होते. कुणाच्या मालाशी माझं वैर नव्हतं.

मग मार्चमध्ये सप्लायर लोकांची मीटिंग झाली. कंपनीचा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं, पुढ्यात गुलाबजाम आणि वेफर्स. बाई मी एकटीच. परचुरे साहेबांनी विचारलं की कुणाला काही सूचना करायची आहे का, आणि मगदूम आण्णा उठले. माणूस तसा बोलका, फडात उभा राहिल्यासारखा बोलायचा. त्यांनी माइक हातात घेतला.

"साहेब, आमचं मशीन तेच, माणसं तीच, मालबी तोच," ते म्हणाले. "मग एक लॉट पास आणि एक लॉट नापास, ह्ये कसं काय? बदलतंय ते एकच. मॅडमच्या घरचं हवामान."

हॉल हसला. माझा नवरा आदल्या दिवाळीत घर सोडून सांगलीला कुणाकडे राहायला गेला होता, आणि हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. गाव लहान, तोंडं मोठी. परचुरे साहेबही हसले, रुमाल तोंडाला लावून. मी वेफर्सची बशी हातात धरून बसले होते, आणि ती खाली ठेवायची की धरून ठेवायची हेच मला कळेना.

मगदूमांनी माझ्याकडे बघितलं. आपलं जरा जास्त झालं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी खाली ठेवलेला माइक पुन्हा उचलला.

"नथिंग पर्सनल हं, मॅडम," ते म्हणाले, आणि हॉल दुसऱ्यांदा हसला, पहिल्यापेक्षा जोरात.

त्या रात्री मी रडले नाही. मला राग आला होता, तळपायाची आग मस्तकाला जाते तसा, आणि तो उतरला नाही. महिनाभर मी तो जपला. नवऱ्यावर मला इतका राग आला नव्हता. तो निदान भांडून गेला होता.

तर तीस एप्रिलला, सव्वातीन वाजता, मी प्लग गेज उचललं.

गेज म्हणजे पोलादाची दांडी, दोन्ही टोकांना दोन मापं. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. पहिलं टोक गेलं. मग मी दांडी उलटी केली आणि जे जायला नको ते टोक भोकावर धरलं. ते किंचित अडलं आणि मग अलगद आत उतरलं.

मगदूम माझ्या शेजारी उभे होते. "मॅडम, गरम हाय त्यो. हात लावून बघा की."

मी दुसरा पीस घेतला. तिसरा घेतला. दहा पीस तपासायचे असतात, त्यातल्या नवांत ते टोक गेलं. प्रत्येक पीस धरताना माझ्या हाताला चटका बसत होता, आणि मी चेहऱ्यावर तसं काही दिसू दिलं नाही. लहान भोक मोठं करता येतं, पण मोठं झालेलं लहान करता येत नाही. माप वर गेलं की पीस भंगार.

मगदूमांचा आवाज खाली आला. त्यांनी मला पाटी दाखवली नाही, वाद घातला नाही. त्यांनी फक्त सांगितलं की पिवळी रेघ मारा, उद्या सुट्टी असली तरी सकाळी आठला मी स्वतः येतो, माझ्यासमोर तुम्ही गेज लावा, एक जरी पीस मोठा निघाला तर मीच लाल मारतो. मग ते म्हणाले, "अकरा घरं हायत माझ्यामागं, मॅडम."

मी फळीवरून डबा काढला. काढताना हात पिवळ्यावरून गेला, हे मला आजही आठवतं. मी लाल काढला, झाकण उघडलं, ब्रश त्यात बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

ही पद्धतही परचुरे साहेबांचीच. पूर्वी काही पार्ट्या लाल रेघ रॉकेलने पुसून तोच माल पुढच्या लॉटमध्ये घुसडायच्या. तेव्हापासून नियम झाला की पार्टीने स्वतःच्या हाताने, इन्स्पेक्टरसमोर, प्रत्येक पिसाच्या भोकात आतून रेघ मारायची. म्हणजे नंतर 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

मगदूमांनी ब्रश घेतला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की त्यांना सगळं समजलंय. मार्चच्या मीटिंगपासून इथपर्यंतचं सगळं.

"नथिंग पर्सनल, मगदूम," मी म्हणाले.

आण्णा म्हटलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी ब्रश घेतला. शहाण्णव पीस. माल नापास केल्याचा मेमो लिहिता लिहिता मी बघत होते. माणूस पन्नाशीचा, पांढरा लेंगा, वर चौकड्यांचा शर्ट. प्रत्येक पीस उचलायचे, आत रेघ मारायचे, पुसटही नाही आणि ओघळही नाही, अशी सरळ रेघ, आणि पीस जपून खाली ठेवायचे. भंगारात जाणाऱ्या मालाला इतकं जपून कोण ठेवतं? मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. शहाण्णव पीस होईपर्यंत साडेचार वाजले. पावणेपाचला मेमो वर गेला आणि पाचला यादीवर सही झाली.

दुसऱ्या दिवशी एक मे, कंपनीला सुट्टी. पण मेंटेनन्सची माणसं असायची, आणि माझ्याकडे खोलीची किल्ली होती. घरात बसवेना म्हणून मी सकाळी सातलाच कंपनीत गेले. स्वतःला सांगितलं की रजिस्टर पुरं करायचंय.

एसी रात्रभर चालू होता. पीस गार पडले होते. रंगाच्या थरानेही माप चुकतं, म्हणून मी बोटाभोवती रॉकेलची चिंधी गुंडाळून दहा पिसांतली रेघ पुसून काढली आणि गेज लावलं. जे जायला नको ते टोक गेलं नाही. दुसऱ्यात गेलं नाही. दहाच्या दहा पिसांत गेलं नाही. इतकं नेमकं काम त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. दोन लॉट परत गेल्यावर माणसाने जीव ओतला होता.

माझी एक सवय होती. रजिस्टर कंपनीचं, पण स्वतःच्या समाधानासाठी मी एक खिशातली डायरी ठेवायचे आणि त्यात खरी मापं टिपायचे. त्यात मी लिहिलं: १ मे, मगदूम, गार माल, दहापैकी दहा ओके. लिहून डायरी पर्समध्ये टाकते आहे तोवर दारात मगदूम उभे. परत न्यायचा माल घेऊन जायला ते टेम्पो घेऊन आले होते.

ते आत आले. पार्टीच्या माणसाने गेजला हात लावायचा नाही असा नियम होता. त्यांनी सरळ टेबलावरचं गेज उचललं, समोरचा पुसलेला पीस घेतला आणि लावून बघितलं. मग आणखी एक. मग गेज होतं तिथे ठेवून दिलं.

"जात न्हाई," ते म्हणाले.

मी पर्सची चेन ओढून घेतली.

"मेमो फाडा, मॅडम."

मेमो वर गेला, यादीवर सही झाली, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग वर जाऊन सांगा की माल गरम होता. मी म्हणाले, सोमवारी बघू. सोमवारी मी काही बघणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. वर जाऊन सांगायचं म्हणजे माझ्याच अक्षरातली पाटी मीच मोडली हे सांगायचं. का मोडली असं परचुरे साहेब विचारणार, आणि मग मीटिंगचा तो हशा पुन्हा एकदा टेबलावर येणार. मग सगळी कंपनी म्हणणार की मगदूम बोलला ते खरंच होतं, बाई घरचा राग मालावर काढते.

आणि आता ते खरं होतं. आदल्या दुपारपर्यंत खोटं होतं, मी खरं करून दिलं होतं. हे मला तिथे, त्या क्षणी, लख्ख कळलं, आणि त्यामुळे मला त्यांचा आणखीच राग आला.

मगदूम टेबलापाशी आले. "मी तुमास्नी चारचौघांत बोललो. चुकलो आसंन. तुमाला राग आला हुता. तुमी त्यो राग काढला. एवढंच म्हणा, मॅडम, की राग हुता. दुसरं कायबी नको. मी गप माल उचलतो आणि जातो."

माणूस वर्षाचं काम मागत नव्हता. एक वाक्य मागत होता.

"नथिंग पर्सनल," मी म्हणाले. "नियम आहे."

त्यांनी मान हलवली. शहाण्णव पीस एकट्याने टेम्पोत भरले, आणि त्यानंतर ते आमच्या गेटात कधी आले नाहीत. वर्षाच्या आत त्यांचे तीन लेथ विकले गेल्याचं कानावर आलं. कानावर घालणारा म्हणाला, आण्णा तोंड उघडत नाही, का नाव उडालं ते सांगत नाही.

परचुरे साहेब पुढे पुण्याला परत गेले. मला सिनियर केलं, मग आणखी वर नेलं. चौदा वर्षांनी मी रिटायर झाले. सत्कार झाला, नारळ मिळाला, आणि ड्रॉवर आवरताना जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा सापडला. इतकी वर्षं मी ते पान विसरले होते असं नाही. पण ते डोळ्यांनी वाचणं वेगळं.

पुढच्या आठवड्यात मी रिक्षा करून त्यांच्या शेडवर गेले. अर्धी शेड कुणी टायरवाल्याने घेतली होती. उरलेल्या अर्ध्यात एक लेथ होता आणि उसाच्या रसाच्या चरकाचे दोन रूळ दुरुस्तीला पडले होते. मगदूम स्टुलावर बसले होते. केस पांढरे, चष्मा जाड. शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक ॲल्युमिनियमचा पीस लावला होता. काळवंडलेला होता, पण भोकाच्या आत लाल रेघ अजून दिसत होती. सरळ, न ओघळलेली.

त्यांनी मला ओळखलं. उठले नाहीत.

मी डायरीतून फाडून आणलेलं ते पान त्यांच्यापुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं. तारीख, नाव, दहापैकी दहा ओके. मग मी बोलले. रिक्षात घोकलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "आण्णा, राग होता. मीटिंगचा. माल गरम आहे हे मला माहीत होतं. माहीत असून मी गेज लावलं."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. बाहेर टायरवाल्याचा हातोडा चालू होता.

"ह्याचं मी आता काय करू?" त्यांनी विचारलं.



त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "तवाच म्हणाला असता तर भांडलो असतो. चार शिव्या मी दिल्या असत्या, चार तुमी. अकरा माणसांस्नी तरी सांगता आलं असतं की बाईचं आणि माझं वाकडं हाय म्हणून काम गेलं. त्यास्नी वाटलं माझ्या हातात खोट हाय. मलाबी कैक दिवस तसंच वाटायचं. गेज लावून बघितलं हुतं तरीबी."

मी तिथेच उभी राहिले. आमच्या कोल्हापूरकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात, चहा विचारतात. कोपऱ्यात स्टोव्ह होता, त्यावर भांडं होतं, आणि मी आले तेव्हा चहा उकळत होता. तो उतू गेला तरी ते उठले नाहीत. हात लांब करून त्यांनी स्टोव्ह फक्त बंद केला.

मी पायात चपला सरकवल्या. ते आता काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. चौदा वर्षं ते शब्द माझ्याकडे परत यायचे राहिले होते, आणि ते ऐकूनच मी जाणार होते. हक्कच होता त्यांचा.

"चौगुले बाई," त्यांनी मागून हाक मारली. मी वळले.

"तुमाला चहा इचारणार न्हाई," ते म्हणाले. "पाणीबी इचारणार न्हाई. पुन्हा ह्या दारात येऊ नका. आणि ह्ये पर्सनल हाय."

मी मान हलवली. रस्त्यावर येऊन रिक्षा शोधू लागले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि त्या पानाची घडी माझ्या मुठीत ओली झाली होती.